शांतिसेनेचा हिशेब संसदेत कधी? महाराष्ट्रातल्या खासदारांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेत आणि राज्यसभेत गेलेले सर्व सन्माननीय सदस्य

स. न. वि. वि.

लोकसभेचे ४८ आणि राज्यसभेचे १९ मिळून तुम्ही ६७ जण. पक्ष वेगळे, गट वेगळे, कुणाचं चिन्ह कुणाकडे गेलं याचे खटले वेगळे. तरी एकच पत्र सगळ्यांना लिहितोय, कारण ज्या अधिकाराविषयी लिहायचं आहे तो तुमच्यापैकी एकाच्याही हातात नाही. भारताचं सैन्य दुसऱ्या देशाच्या भूमीवर लढायला पाठवायचं झालं तर संसदेची मंजुरी घ्यावी लागते, असं आपल्या कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नाही. पंतप्रधान आणि मंत्रिमंडळातले मोजके सहकारी ठरवतात, सैन्य जातं आणि तुम्हाला ते बहुधा बातम्यांतून कळतं. म्हणजे आम्हाला कळतं त्याच वेळी.

मी पोस्टखात्यातून निवृत्त झालेला माणूस. नोकरी बहुतेक सातारा जिल्ह्यातच झाली. अपशिंगे मिलिटरीचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. पण आमच्याकडे त्या एकाच गावाची गोष्ट नाही. पुसेगावपासून पाटणपर्यंत कुठल्याही वाडीत जा, पलटणीत गेलेला माणूस सापडतोच. त्यामुळे लढाई हा विषय आमच्या भागात टीव्हीवरच्या पडद्यापुरता राहत नाही. तो मनीऑर्डरने येतो, इनलँड पत्राने येतो, आणि एके काळी तारेने यायचा.

पत्र लिहायचं कारण श्रीलंकेतली आपली शांतिसेना. ‘ते जुनं झालं’ असं मनात आलं असेल तर थोडं थांबा.

२९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी, तिथलं सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यातली लढाई थांबवायला, करारावर सह्या केल्या. श्रीलंकेने मागितली तर भारत लष्करी मदत देईल, हे त्याच करारात होतं. मदत मागितली गेली आणि आपले जवान जाफन्यात उतरायला सुरुवातही झाली. दुसऱ्याच दिवशी मानवंदना घेताना तिथल्या एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. तो वार डोक्याऐवजी खांद्यावर निभावला. तमिळ उत्तरेत आपल्या जवानांना हार घातले जात होते आणि सिंहली दक्षिणेत हे असं. एका बेटावर दोन भावना, आणि दोन्ही टिकणाऱ्या नव्हत्या. तमिळ गटांनी शस्त्रं खाली ठेवावीत हे करारात होतं. पण एलटीटीई, म्हणजे स्वतंत्र तमिळ देशासाठी लढणारी सगळ्यांत बळकट संघटना, तिची त्या करारावर सहीच नव्हती. ज्यांना आपण आधी हत्यारं आणि प्रशिक्षण दिलं, त्यांच्याकडूनच आता हत्यारं काढून घ्यायची होती. सप्टेंबरात थिलीपन नावाचा त्यांचा तरुण कार्यकर्ता पाण्याचा थेंबही न घेता उपोषणाला बसला. त्याच्या मागण्या भारत सरकारकडे होत्या. २६ सप्टेंबरला तो गेला आणि जाफन्यातलं वारं फिरलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलाने पकडलेल्या एलटीटीईच्या लोकांपैकी बारा जणांनी पलाली तळावर सायनाइड खाऊन जीव दिला. त्या आठवड्यातच शांतता राखायला गेलेल्या सैन्याला जाफना जिंकायचा हुकूम मिळाला. हेच ‘ऑपरेशन पवन’.

११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरने कमांडो आणि १३ शीख लाइट इन्फंट्रीचे जवान उतरवायचे ठरलं. एलटीटीईच्या नेत्यांना तिथेच पकडायचा बेत होता. बिनतारी संदेश एलटीटीईने आधीच ऐकले होते. शीख पलटणीची जेमतेम एक तुकडी, तीस जण, खाली उतरू शकले. पुढची हेलिकॉप्टरं माऱ्यामुळे येऊच शकली नाहीत. त्या तिसांतले एकोणतीस मारले गेले आणि उरलेला एक कैदी झाला. या रात्रीची माहिती देशाला सरकारने दिली नाही. तिथे लढलेल्या अधिकाऱ्यांनी निवृत्तीनंतर जे लिहिलं, त्यातून ती तुकड्यातुकड्यांनी बाहेर आली. धड नकाशे नव्हते, शत्रूची माहिती नव्हती, हेही त्यांनीच लिहिलं.

त्याच महिन्यात, ऐन दिवाळीत, जाफन्याच्या रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मिळून साठहून अधिक माणसं मेली. आतून गोळीबार होत होता असं सैन्याचं म्हणणं. जे वाचले त्यांनी वेगळं सांगितलं. खरं काय, हे ठरवायला भारताच्या संसदेपुढे एकही स्वतंत्र चौकशी अहवाल आला नाही. मी फौजींच्या गावात वाढलोय. जवानाला खुनी म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. पण चौकशी न झाल्याने डाग जातो, असं ज्याला वाटतं त्याला डागाची जात ठाऊक नाही. चौकशी झाली असती तर निर्दोष कोण हेही कळलं असतं.

याच मोहिमेत मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. हा मुंबईत जन्मलेला आणि मुंबईतच शिकलेला अधिकारी, ८ महार पलटणीचा. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. छातीत गोळी लागली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच मारलं, आणि शेवटपर्यंत हुकूम देत राहिले. मुंबईच्या खासदारांनी आपल्या मतदारसंघातल्या किती शाळांत हे नाव ठाऊक आहे, ते एकदा विचारून पाहावं. कारगिलच्या वीरांची नावं पोरांना पाठ आहेत, आणि असावीतच. परमेश्वरन यांचं शौर्य रतीभरही कमी नव्हतं. फक्त त्यांची लढाई कुणालाच आठवायची नव्हती.

आता काउंटरच्या अलीकडून पाहिलेलं थोडं सांगतो. फौजीच्या पत्रावर गावाचं नाव नसतं. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि ‘द्वारा ५६ ए. पी. ओ.’, संपला पत्ता. पोरगा लेहला आहे की तेजपूरला, हे पाकिटावरून कळायची सोय नाही, आणि ते बरोबरच आहे. पण ८७ च्या दिवाळीच्या सुमारास माणसं मनीऑर्डर घ्यायला यायची आणि अंगठा उठवून झाला तरी हलायची नाहीत. एकाने फॉर्म उलटासुलटा करून विचारलं, “मास्तर, ह्यो समुद्रापल्याडनं आलाय का?” ते स्वतः एकाहत्तरची लढाई केलेले. म्हणाले, “आम्हाला ठावं हुतं कुणाशी लढतोय ते. हे भांडान कुणाचं, आन् आपली पोरं मधी कशापायी?” मी काय सांगणार? सकाळी रेडिओवर जे ऐकलं होतं तेच मी ऐकलं होतं आणि तेच त्यांनीही. मी नोटा मोजून दिल्या आणि पुढच्याला बोलावलं. तार यायची तेव्हा तर बोलायचं काहीच नसायचं; ठरावीक इंग्रजी वाक्य, खाली रेकॉर्ड ऑफिसचं नाव.

त्या गृहस्थांनी सरकारच्या विरोधात कधी घोषणा दिली नाही. नातूही पुढे भरती झाला. पण नंतर कुठलाही मंत्री सैन्याबद्दल बोलायला लागला की ते रेडिओ बंद करायचे. लोकांचा विश्वास जातो म्हणजे मोर्चे निघतात असं दिल्लीत समजतात. आमच्याकडे तो असा जातो. आवाज होत नाही, म्हणून हिशेबात धरला जात नाही.

मोहीम लांबत गेली, चार डिव्हिजन तिकडे गुंतल्या. अकराशेहून अधिक भारतीय जवान कामी आले, जखमी त्याच्या दुपटीहून जास्त. तिकडे दक्षिणेत जेव्हीपी या डाव्या सिंहली पक्षाने ‘परकी फौज’ हाच मुद्दा करून बंड पेटवलं. आपले जवान उत्तरेत उभे असल्यामुळे कोलंबोला आपली फौज तिथून काढून दक्षिणेत वळवता आली. तिने ते बंड ज्या क्रूरतेने चिरडलं, त्यात हजारो सिंहली तरुण मेले, कित्येक घरांतून उचलले गेले ते परत आलेच नाहीत. आपल्या सैन्याच्या आडोशाने दुसऱ्या एका सरकारचे हात त्याच्याच नागरिकांवर मोकळे सुटले, ही बाजू आपल्याकडे फार कमी बोलली जाते. (त्याच जेव्हीपीचे नेते आज तिथे राष्ट्राध्यक्ष आहेत आणि दिल्लीत त्यांचं स्वागतही झालं. राजकारणाला स्मरणशक्ती नसते हे बरंच म्हणायचं.) पुढे जयवर्धनेंच्या जागी प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. जून १९८९ मध्ये त्यांनी भारतीय फौजेने चालतं व्हावं असं जाहीर सभेत सांगितलं. ज्या एलटीटीईशी आपले जवान लढत होते, तिला त्यांच्या सरकारकडून शस्त्रं गेल्याचंही नंतर उघड झालं. बोलावणारे उलटले, ज्यांच्या रक्षणासाठी गेलो तेही उलटले. २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी परतली, तेव्हा मद्रास बंदरात स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. पुढच्या वर्षी २१ मे रोजी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींचं काय झालं, ते सांगायची गरज नाही.

आणि मग शांतता. दिल्लीत सरकारं एकामागून एक बदलत गेली, आणि कुणालाच हा विषय नको होता. काँग्रेसला नको, कारण निर्णय त्यांचा. विरोधकांना नको, कारण त्यात परराष्ट्र खात्यापासून गुप्तचर यंत्रणेपर्यंत सगळ्यांची लक्तरं होती आणि सत्तेत आल्यावर तीच यंत्रणा त्यांना वापरायची होती. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांची समिती नेमली गेली आणि फेब्रुवारी २००० मध्ये तिचा अहवाल, काही भाग वगळून का होईना, संसदेत ठेवला गेला. ती लढाई लोकांना पटलेली होती आणि आपण जिंकलेली होती. श्रीलंकेत कारगिलच्या दुपटीहून जास्त जवान गेले, तिथे समिती नाही. कोलंबोजवळ श्रीलंका सरकारने आपल्या शहीद जवानांचं स्मारक बांधलं, आपले पंतप्रधान तिथे पुष्पचक्र वाहून आले. स्मारक तिथे आहे, नावं दगडावर आहेत. का मेले, याचं उत्तर देणारा कागद मात्र कुठल्याच सभागृहाच्या पटलावर नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. नावडती लढाई हरल्याने सरकारवरचा विश्वास तुटत नाही. माणसं हार समजून घेतात, बासष्ट समजून घेतलं. विश्वास तुटतो तो हिशेब न मिळाल्याने. आणि हिशेब द्यावा लागला नाही की सरकारच्या हातातली सत्ता कमी होत नाही, उलट वाढून बसते, कारण पुढच्या सरकारला कळतं की एवढं होऊनही काही बिघडत नाही.

सत्ता परत जात नाही, याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. चीनशी लढाई २१ नोव्हेंबर १९६२ ला थांबली. तिच्यासाठी २६ ऑक्टोबरला पुकारलेली आणीबाणी जानेवारी १९६८ पर्यंत चालू होती! भारत संरक्षण नियमांखाली या काळात किती राजकीय कार्यकर्ते तुरुंगात गेले, ते डाव्या पक्षांच्या जुन्या मंडळींना विचारा. १९७१ ची लढाई तर तेरा दिवसांची. तिच्यासाठी ३ डिसेंबरला लागलेली आणीबाणी मार्च १९७७ ला उठली. जून १९७५ ची ‘ती’ आणीबाणी लागली तेव्हा ही एकाहत्तरची अजून लागूच होती, हे कित्येकांना ठाऊकही नसतं. एकाहत्तर तर लोकांनी डोक्यावर घेतलेलं युद्ध होतं. म्हणजे लढाई आवडती असो की नावडती, तिच्या नावाने घेतलेले अधिकार आपणहून कुणी परत करत नाही. मागून, भांडून घ्यावे लागतात.

आणि आपण ते एकदा घेतले आहेत. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला सक्तीचा केला. एका महिन्यात दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मंजुरी लागेल, दर सहा महिन्यांनी ती पुन्हा घ्यावी लागेल, असंही ठरलं. यातली गंमत बघा. युद्धामुळे आणीबाणी लावायची तर तुमची मंजुरी लागते. युद्धच करायचं तर लागत नाही. घटनेच्या ५३ व्या कलमात सैन्याचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे दिलंय, पण त्या अधिकाराचा वापर ‘कायद्याने नियमित’ व्हावा असंही म्हटलंय. संघसूचीत युद्ध आणि शांतता, सैन्य, परदेशांशी करार हे सगळे विषय तुमच्या कक्षेत आहेत. घटनाकारांनी दार उघडं ठेवलं होतं. आजवर कुणी आत गेलं नाही, एवढंच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: लढाईच्या वेळी सभागृहात चर्चा केली तर शत्रूला फायदा होतो, जवानांचं मनोबल खचतं. १९६२ आठवा. चिनी फौजा तवांगमध्ये आल्या होत्या, आणि नेहरूंनी ८ नोव्हेंबरला, ठरल्या तारखेच्या आधी, अधिवेशन बोलावलं. तशी मागणी करणाऱ्यांत तरुण अटलबिहारी वाजपेयी होते. गुप्त बैठक घ्या असंही सुचवलं गेलं, नेहरूंनी ते मानलं नाही. आपल्याच पक्षाच्या लोकांनी उघड सभागृहात सरकारला सोलून काढलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना तर अधिवेशनाच्या तोंडावरच जावं लागलं होतं आणि त्यांच्या जागी सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे तर महाराष्ट्रात शाळकरी पोरंही सांगतात. त्या चर्चेमुळे आपण हरलो असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

पण त्याच कथेचा दुसरा भाग आपण सांगत नाही. यशवंतरावांच्या कारकिर्दीत हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या लष्करी अधिकाऱ्यांनी पराभवाची चौकशी केली. सप्टेंबर १९६३ मध्ये यशवंतरावांनी लोकसभेत तिचं सार सांगितलं, अहवाल दिला नाही. तेव्हा ते समजण्यासारखं होतं, जखम ओली होती. आज साठ वर्षांनंतरही तो अहवाल गोपनीयच आहे. एका परदेशी पत्रकाराने २०१४ मध्ये त्याचा मोठा भाग इंटरनेटवर टाकला, जगाने वाचला, तरी सरकारी कपाटाला कुलूप आहेच. यशवंतरावांबद्दल आमच्या जिल्ह्यात किती आदर आहे ते तुम्हाला सांगायला नको. पण आदर आहे म्हणून हे म्हणू नये असं मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: मतदान घेतलं म्हणून शहाणपण येतं का? नाही येत. अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ऑगस्ट १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्षाला व्हिएतनाममध्ये सैन्य वापरायची मोकळीक देणारा टोंकिनच्या आखाताचा ठराव प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध शून्य आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी मंजूर केला. अमेरिकी जहाजांवरच्या ज्या दुसऱ्या हल्ल्याच्या बळावर तो मागितला गेला, तो हल्ला झालाच नव्हता. व्हिएतनाम दलदल झाली, पेंटागॉनची गुप्त कागदपत्रं १९७१ मध्ये वर्तमानपत्रांत छापून आली, आणि सरकारला आतून वेगळं ठाऊक होतं नि बाहेर वेगळं सांगितलं जात होतं हे लोकांना कळलं. १९६४ मध्ये तिथे दर शंभरांतले ७७ जण म्हणत होते की वॉशिंग्टन बहुतेक वेळा योग्य तेच करतं. १९७४ मध्ये तसं म्हणणारे ३६ उरले. वॉटरगेटचाही त्यात हात आहे, सगळं खापर युद्धावर फोडता येणार नाही. पण तो आकडा पुन्हा कधी जुन्या जागी स्थिरावला नाही. १९७३ मध्ये काँग्रेसने निक्सनचा नकाराधिकार मोडून कायदा केला: राष्ट्राध्यक्षाने सैन्य लढाईत उतरवलं तर मंजुरीविना साठ दिवसांनंतर मागे घ्यायला लागावं. नंतरच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यातून पळवाटाही काढल्या. लिबियात २०११ मध्ये ओबामांच्या वकिलांनी तर ‘ही लढाई या कायद्यातली लढाईच नव्हे’ असं सांगितलं. तरी पळवाट शोधावी लागते हेही काही कमी नाही. आपल्याकडे तेवढेही कष्ट पडत नाहीत.

ब्रिटनमध्ये १८ मार्च २००३ रोजी इराकवर मतदान झालं, ४१२ विरुद्ध १४९. आदल्याच दिवशी रॉबिन कुक युद्धाला विरोध म्हणून मंत्रिपद सोडून मागच्या बाकावर गेले होते. ज्या संहारक शस्त्रांसाठी युद्ध झालं ती सापडली नाहीत. मग चिलकॉट चौकशी झाली. सात वर्षं लागली, थट्टा झाली, पण जुलै २०१६ मध्ये बारा खंडांचा अहवाल आला. ब्लेअर यांनी युद्धाच्या आठ महिने आधी बुश यांना ‘काहीही झालं तरी मी तुमच्यासोबत आहे’ अशा अर्थाचं लिहिलं होतं, ते पत्र तारखेसह लोकांनी वाचलं. मधल्या काळात, ऑगस्ट २०१३ मध्ये, सीरियावर हल्ल्याचा प्रस्ताव कॅमेरॉन यांनी सभागृहात आणला आणि ते तेरा मतांनी हरले. हल्ला झाला नाही. इराकच्या अनुभवाने खासदार ताकही फुंकून प्यायला शिकले होते.

आणि आपण? त्याच २००३ मध्ये अमेरिकेने इराकसाठी भारताकडे एक डिव्हिजन मागितली होती. दिल्लीत पाठवावी म्हणणारे वजनदार लोक होते. एप्रिलमध्ये लोकसभेने त्या युद्धाविरुद्ध ठराव केला होता. वाजपेयींनी डाव्या नेत्यांना ‘तुमचा विरोध नीट ऐकू येत नाही’ अशा अर्थाचं सुचवल्याचा किस्सा सांगितला जातो. खरा असो नसो, माणूस ओळखीचा वाटतो. १४ जुलैला सरकारने सांगितलं, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसेल तर सैन्य येणार नाही. त्या नकारामागे सभागृह होतं, म्हणून तो एका पंतप्रधानाचा हट्ट ठरला नाही. सातारा-कोल्हापूरच्या किती घरांत तेव्हा तार गेली नाही, याचा आकडा कुठेच निघणार नाही. १९८७ ला राजीव गांधींच्या हातात हे साधन नव्हतं. असतं तर, कुणी सांगावं, जयवर्धनेंना ‘माझी संसद काय म्हणते ते बघतो’ एवढं तरी म्हणता आलं असतं.

अलीकडचं एक बोलतो आणि मग मागणीकडे येतो. मे २०२५ ची कारवाई लोकांना पटलेली होती, मलाही. तिच्यावर लोकसभेत चर्चा झाली ती जुलैच्या अखेरीस. कारवाई आवडती असली की प्रश्न विचारणाऱ्यावर संशय घेतला जातो. नावडती असली की उत्तर द्यायला कुणी जागेवर नसतं. तुम्ही सत्ताधारी बाकांवर असा की विरोधी, यातली एक खुर्ची तुमची ठरलेलीच आहे, आणि ती दर काही वर्षांनी बदलते.

तर मागणी अशी. तुमच्यापैकी कुणीतरी शुक्रवारी दुपारी, खासगी विधेयकांच्या वेळेत, एक छोटं विधेयक मांडावं. परदेशी भूमीवर सैन्य लढाईसाठी पाठवलं तर पंधरा दिवसांत दोन्ही सभागृहांची मंजुरी घ्यावी. कशासाठी आणि कुठपर्यंत, हे ठरावात लिहावं. दर सहा महिन्यांनी पुन्हा विचारावं. सैन्य परतल्यावर वर्षभरात स्वतंत्र अहवाल पटलावर ठेवावा, लागेल तो भाग झाकून. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमा, भूकंप-पुरातली मदत आणि सीमेवरचा तातडीचा प्रतिकार यातून वगळावा. चपळाईला धक्का नको. आधी पाठवा, पण नंतर येऊन सांगा. स्वातंत्र्यापासून फक्त चौदा खासगी विधेयकांचे कायदे झाले आणि शेवटचा १९७० मध्ये, हे मला ठाऊक आहे. विधेयक पडेल. पण कोण काय बोललं ते कामकाजाच्या नोंदीत राहील, आणि संरक्षणमंत्र्यांना उभं राहून ‘नको’ म्हणण्याचं कारण द्यावं लागेल.

दुसरी मागणी तर नुसत्या एका लेखी प्रश्नाची आहे. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने स्वतःच धोरण जाहीर केलं: मोहिमांचे कागद साधारणपणे २५ वर्षांत खुले व्हावेत, इतिहास पाच वर्षांत लिहून व्हावा. शांतिसेना १९९० ला परतली. पंचवीस वर्षं २०१५ ला झाली. ऑपरेशन पवनच्या कागदांचं काय झालं, किती अभिलेखागारात गेले, किती अडवले आणि कोणत्या कारणाने, हे विचारा. प्रश्नाला पैसे पडत नाहीत. पक्षाचा व्हीपही आड येत नाही.

त्या मोहिमेतून परतलेली माणसं आता सत्तरीकडे झुकली आहेत. काही जण आमच्या गावच्या पारावर बसतात, गुडघ्यांची आणि पेन्शनची चर्चा करतात. कागद खुले झाले तर ते स्वतः वाचतील, चुकीचं असेल तिथे ‘असं नव्हतं झालं’ म्हणून सांगतील. आणखी पंधरा वर्षांनी कागद उघडले तर ते सांगायला कुणी नसेल.

उत्तर पाठवायचं झालं तर साध्या पोस्टानेच पाठवा, फक्त पिनकोड नीट घाला. पत्र पोहोचतं, याची खात्री मी देतो.

कळावे,

आपला,
एक निवृत्त पोस्टमास्तर आणि मतदार
जिल्हा सातारा